पहिल्या मिटिंगला जाण्याआधी

दारू सोडायचं मनाने घेतलं की पहिला झटका येतो तो आजच, आत्ताच बंद करायचा. ज्याला रोज लागते, सकाळी उठल्यावरही लागते, त्याने असं करू नये. अंगात मुरलेली दारू एकाएकी तोडली की हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते, काहींना त्यानंतर भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू लागतात आणि प्रकरण जिवावर बेततं. म्हणून सगळ्यांत आधी डॉक्टर. गोव्यात बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या, ओपीडीत दाखवा, नाहीतर रोजच्या डॉक्टरांकडे जा. किती आणि कधीपासून घेता ते खरं सांगा, कारण औषधाचं प्रमाण त्यावरच ठरतं. तुम्हाला फिट आलीच, तर अँब्युलन्ससाठी 108 ला फोन करायचा हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मग मिटिंग शोधायची. दारू सोडणारी माणसं एकमेकांना आधार द्यायला जमतात ती ही मिटिंग, आणि ती भरवतं अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए. ते अमेरिकेत 1935 साली सुरू झालं. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले. दुसऱ्या पिणाऱ्याशी मन मोकळं केलं की आपली पिण्याची ओढ आवरते, हे त्यांना कळलं, आणि आजही मिटिंग चालते ती त्याच जोरावर. गोव्यात पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या भागांत मिटिंगा भरतात. जागा आणि वेळा बदलत असतात, तेव्हा कोणाकडून तरी ऐकून निघू नका, फोन करून खात्री करा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

फोनवर विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा, कारण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. मिटिंग कोणत्या भाषेत चालते, कोकणी, मराठी, हिंदी की इंग्रजी? ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचं माणूसही बसू शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. आत जायचं दार कुठलं? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण बाहेर घुटमळून परत फिरलेली माणसं थोडी नाहीत. बाईमाणसाने आणखी एक विचारावं, तिथे दुसऱ्या बायका येतात का, आणि त्यांच्यापैकी कोणाशी आधी बोलता येईल का. आपल्याकडे पिणाऱ्या पुरुषाला निदान सांभाळून घेतात, बाईला तेवढंही मिळत नाही. तिला आत कोणीतरी आपलं भेटायलाच हवं.

गोव्यात अनोळखी माणूस भेटला तरी तिसऱ्या वाक्याला 'तुम्ही कोणाचे?' निघतं. मिटिंगला आपल्याला कोणी ओळखेल ही भीती खरी आहे, तिला हसू नये. म्हणून डिचोलीच्या माणसाने म्हापसा गाठावं, फोंड्याच्या माणसाने मडगाव. आत नुसतं पहिलं नाव चालतं, आणि कोण आलं, काय बोललं हे बाहेर काढायचं नाही असा दंडक आहे. बऱ्याच मिटिंगा चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये भरतात. त्यावरून हिंदू घरांत कुजबूज होते, म्हणून स्पष्ट सांगते: ए.ए. कोणत्याही धर्माचं नाही. दारू सोडण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांत देवाचं नाव येतं, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाका, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही.

निघण्याच्या दिवशी पोटभर जेवा, उपाशी पोटी ओढ वाढते. वाट अशी निवडा की नेहमीचा बार लागणार नाही, मग दोन वळणं जास्त पडली तरी चालेल. मिटिंग बहुधा संध्याकाळची असते आणि आतल्या गावांच्या शेवटच्या बसगाड्या लवकर सुटतात. परतीला कोण आणेल, शेजारचा स्कूटरवाला की पायलट, म्हणजे भाड्याचा मोटरसायकलवाला, हे दुपारीच ठरवा. परतीचं ठरलेलं नसलं की मिटिंग टाळायला आयतं कारण मिळतं.

आत गेलात की मागच्या बाकावर बसा. कोणीतरी चहाचा पेला पुढे करेल, एक जण कागदावरून ठरलेलं वाचेल, मग एकेक बोलेल. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर 'आज मी फक्त ऐकतो' एवढं पुरे. पण उठण्याआधी दोघांचे फोन नंबर मात्र घ्या आणि घरी पोचल्यावर एकाला उगाच का होईना फोन लावा. अडीनडीच्या रात्री पहिल्यांदा लावायला हात धजत नाही. मार्चपासून गावात हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, येतो, पुढे जूनमधला सांजांवचा सण, मग गणपतीची चवथ. त्या दिवसांत हे नंबर जास्त लागतील.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मिटिंगा आहेत. बायकोने, आईने तिथे जावं. पिणारा स्वतः मिटिंगला जात नसला तरी जावं, त्याच्या परवानगीची गरज नाही.

एखादी मिटिंग मनाला पटली नाही तर दुसऱ्या गावची बघा, माणसं बदलली की सूर बदलतो. आणि मधे पुन्हा घेतली गेली, तर पुढच्या मिटिंगची वेळ विचारून तिथे जा. नाव खोडत नाहीत, कारण मुळात हजेरीचं बुकच नसतं.