ताकाने कोलेस्टेरॉल उतरवायचंय? मग या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "रोज तांब्याभर ताक प्या, गोळ्या कशाला लावून घेताय?" या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यापायी माणसं औषध सोडून बसतात, म्हणून सगळ्यात घातक चूक आधी सांगते.

गोळी बंद करून ताक सुरू करणं

स्टॅटिनची गोळी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणते. प्रोबायोटिक जिवाणूंचा, म्हणजे दही-ताकात असतात तसल्या उपयोगी जिवाणूंचा, चांगल्यातला चांगला निकालही याच्या जवळ जात नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२७ जण होते. त्यांतल्या काहींना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या एका ठरावीक वाणाच्या कॅप्सूल दिल्या, बाकीच्यांना जिवाणू नसलेल्या. ९ आठवड्यांनी पहिल्या गटाचं एलडीएल दुसऱ्याच्या तुलनेत साडेअकरा टक्क्यांच्या आसपास घटलं होतं. निकाल आशादायक आहे, पण तो गोळीच्या जोडीला उपयोगाचा. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, स्टेंट बसलीय किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद किंवा कमी करू नये. ताक सोबत घ्या.

जिवाणू काय करतात ते न समजून घेणं

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. चरबी पचवायला ती आतड्यात उतरतात आणि काम झालं की ९५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. काही जिवाणूंकडे बाइल सॉल्ट हायड्रोलेज नावाचं एन्झाइम असतं. पित्ताम्लाला जोडलेला ग्लायसिन किंवा टॉरिनचा तुकडा ते तोडून टाकतं. असं सुटं झालेलं पित्ताम्ल तितक्या सहज शोषलं जात नाही, त्यातलं काही शौचावाटे निघून जातं. ही तूट भरून काढायची तर यकृताला नवं पित्ताम्ल बनवावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. याखेरीज काही जिवाणू कोलेस्टेरॉल स्वतःच्या आवरणात सामावून घेतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात: जिवाणू जिवंत असायला हवा आणि त्याच्याकडे हे काम करायची ताकद हवी. घरच्या विरजणात कुठले जिवाणू आहेत हे घरोघरी बदलतं, त्यामुळे घरचं ताक पिऊन चाचणीतल्या आकड्याची अपेक्षा धरू नका. कॅप्सूल घेणार असाल तर पाकिटावर जिवाणूच्या नावापुढे वाणाची खूण, म्हणजे अक्षरं किंवा आकडे, छापलेली आहे का ते बघा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

उकळणं आणि गोड करणं

कढी पोटाला छान, पण तिला उकळी फुटली की जिवाणू मेले. गरम भातावर ओतलेल्या ताकाचंही थोडंफार तसंच. दुकानातलं खोक्यातलं ताक महिनोन्‌महिने बाहेर टिकत असेल, तर ते बहुधा उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं. जेवणाच्या शेवटी थंड ताक घ्या, मीठ बेतानं. साखर घातलेलं दही किंवा लस्सी नको. जास्तीची साखर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढवते.

साय काढायची, पण तूप करून परत खायची

ही चूक आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो. साय साठवतो, विरजतो, घुसळतो, लोणी निघतं आणि खाली राहतं ते पातळ ताक. ते ताक खरंच हलकं असतं. पण तेच लोणी कढवून गरम भाकरीवर चमचाभर तूप पडत असेल, वर सायीचं घट्ट दही वाटीभर, तर संपृक्त चरबी यकृताच्या एलडीएल ओढून घेण्याच्या कामातच अडथळा आणते. ताकाने थोडं मिळवायचं आणि तुपाने जास्त घालवायचं, असा हिशोब होतो. लोणी घरातल्या लहान मुलांना द्या, स्वतःसाठी ताक ठेवा.

जिवाणूंना उपाशी ठेवणं

आतड्यातल्या जिवाणूंना चोथा लागतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा, इस्लामपूरकडचा अख्खा मसूर, मूग, मटकी ही त्यांची शिदोरी. चोथ्यातला विरघळणारा तंतू स्वतःही पित्ताम्लं बांधून बाहेर नेतो, त्यामुळे फायदा दुहेरी. फक्त अख्ख्या मसुरावर बोटभर तेलाचा तवंग नको.

पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासणं

इतक्या लवकर काही ठरत नाही. ६ ते १२ आठवडे सातत्य ठेवा, मग तपासा. नुकताच ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर आकडे फसवे येतात, तेव्हा थांबा. अँटिबायोटिक चालू असेल तर प्रोबायोटिक त्या औषधाच्या वेळेपासून दोन-तीन तास लांब घ्या. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घेऊच नयेत.

सगळं नीट करूनही एलडीएल हलत नसेल तर थायरॉइड तपासा. ते मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि मग कितीही ताक प्यायलात तरी उपयोग नाही. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात वडील, काका, भाऊ यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला असेल, तर दोष अनुवंशिक असू शकतो. अशा वेळी स्वतःबरोबर मुलांचीही लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या.