पावसात कॅमेरा घेऊन निघताय? या चुका टाळा

जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्या की ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर हिरवागार होतो आणि हात शिवशिवायला लागतात. उपवन तलावाच्या काठावर उभं राहिलं की ढग डोंगरावरून खाली उतरताना दिसतात. तिकडे खारघरला पांडवकडा धबधबा कोसळायला लागतो. (तिथे पावसाळ्यात बहुतेक वेळा बंदी असते. ती पाळा, खालच्या रस्त्यावरून टेली लेन्सने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, फोटो छान येतो.) हे दिवस कॅमेरा कपाटात ठेवून बसण्याचे नाहीतच. तरी दर पावसाळ्यात ओळखीतले दोन-तीन कॅमेरे आजारी पडतात आणि कारण जवळजवळ नेहमी सारखंच असतं. पाऊस कोसळत असताना सगळे कॅमेऱ्याला जिवापाड जपतात, घरी आल्यावर मात्र बॅग कोपऱ्यात टाकून चहा प्यायला बसतात.

पहिली चूक बाहेर पडण्याआधीचीच. ‘वेदर सील्ड’ लिहिलंय म्हणजे कॅमेरा वॉटरप्रूफ आहे असं धरून चालणं. सीलिंग म्हणजे सांध्यांमध्ये बसवलेल्या रबरी पट्ट्या, भुरभुर पावसापुरत्या. शिवाय बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी दोघांच्या मधूनच आत शिरतं. लेन्स काढून तिची मागची धातूची कड बघा. तिथे बारीक रबरी कडं दिसलं नाही तर ती लेन्स पावसासाठी बनवलेली नाही. काही लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, कॅननने आपल्या ‘एल’ या वरच्या श्रेणीतल्या काही लेन्ससाठी तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. पुढे-मागे होणारी झूम लेन्स असेल तर बाहेर आलेली नळी पुसल्याशिवाय आत घेऊ नका, नाहीतर तिच्यावरचे थेंब तुम्ही स्वतःच आत ओढून घेता.

महागडं रेनकव्हर नसेल तरी चालतं. जाडसर प्लास्टिकची पिशवी घ्या, तळाच्या एका कोपऱ्याला भोक पाडा, त्यातून लेन्स हूड (लेन्सच्या पुढे लावायची कडा) बाहेर काढा आणि हूडवर रबरबँड चढवा. पिशवीचं तोंड तुमच्या बाजूला, खाली उघडं राहू द्या. चूक होते ती इथे. पाणी शिरेल या भीतीने लोक मागूनही गाठ मारतात आणि हाताची वाफ, श्वासाची वाफ आतच कोंडते. अर्ध्या तासाने व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, काही दिसेनासं होतं. हूड मात्र ढगाळ हवेतही काढू नका, काचेवर येणारे निम्मे थेंब तोच अडवतो.

लेन्स बदलायची असेल तर ती घरीच ठरवा. टपरीच्या ताडपत्रीखाली उभं राहून बदलली तरी ताडपत्रीच्या कडेचं पाणी आणि दमट हवा आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचतेच.

आता एसीची गोष्ट. एकदा घोडबंदर रोडवरून गाडीत एसी फुल्ल लावून येऊरला गेलो. उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला आणि लेन्सची काच दुधासारखी पांढरी झाली. गार काचेला बाहेरची दमट हवा लागली की तिच्यातलं पाणी काचेवर जमतं, इतकं साधं आहे. पुसलं, पुन्हा धुकं. मग मी घाईत लेन्स काढून मागची काच पुसायला गेलो आणि तीच हवा आत घेतली. तो सबंध सकाळचा प्रकाश हातचा गेला. आता पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करतो. ते जमणार नसेल तर कॅमेरा गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करतो आणि पिशवी बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत उघडत नाही. दव पिशवीवर जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

घरी आल्यावरची चूक सगळ्यात महागात पडते. ओला नॅपकिन, ओलं रेनकव्हर आणि कॅमेरा एकाच बॅगेत रात्रभर! बॅगेचा फोम पाणी धरून ठेवतो, सकाळी आत हात घातला की दमट लागतो. माझी १८-५५ मिमीची झूम लेन्स अशीच गेली. टॉर्च मारून आडवी धरली तेव्हा काचेच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले. फंगस, म्हणजे बुरशी. काच साफ करून मिळाली, पण कोटिंगवरचे डाग तसेच राहिले. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला बरं वाटतं आणि आपल्याकडे जुलैत ती ८०च्या वर सहज असते. म्हणून आल्या आल्या बॅग रिकामी करा, सगळं पुसून पंख्याखाली ठेवा आणि मग हवाबंद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून द्या. डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा, ४० ते ५० टक्के असली की पुरे. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदला.

आणि इतकं करूनही कॅमेरा भिजलाच तर? ताबडतोब बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका, ओल्या सर्किटमधून वीज गेली की दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटीने वाढतो. लेन्स काढा, बॉडीचं तोंड खाली करून कोरड्या सुती कापडावर ठेवा आणि निदान दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. हेअर ड्रायर नको, गरम हवेने आतला गोंद आणि रबर खराब होतं. तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका, त्याची पूड फटींमध्ये जाऊन बसते.

पाणी खाडीचं असेल, ऐरोलीला किंवा पाम बीच रोडच्या कडेला कॅमेरा हातातून सुटला असेल, तर वाळवत बसू नका. मीठ आतल्या धातूला लगेच खायला लागतं. बॅटरी काढा, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि पाणी खारं होतं हे त्याला पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे तो कॅमेरा रांगेत न ठेवता आधी उघडेल.