फिट (डेटावर मॉडेलचं बसणं) सुंदर, उत्तर चुकीचं: मॉडेल, उंदीर आणि पेशींच्या कामात या चुका टाळा

एक जण पेशी वाढवतो, दुसरा प्राण्यांवर मोजमापं घेतो आणि तिसरा त्या आकड्यांवर मॉडेल बसवतो. अशा कामातल्या मोठ्या चुका बहुधा फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना होतात, कारण आलेला आकडा कसा मोजला हे कुणी विचारतच नाही. मी मॉडेल बसवणाऱ्यांतली, तेव्हा सुरुवात घरच्याच चुकांपासून.

दर वेळी वेगळं उत्तर येतंय?

डेटा तोच, प्रोग्रॅम तोच, पण केएम (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची, मात्रा) कधी ५० येतो, कधी १००. पहिला संशय जातो लोकल मिनिममवर: ऑप्टिमायझर (सर्वांत कमी एरर देणारे आकडे शोधणारा प्रोग्रॅम) जवळच्याच खड्ड्यात अडकला असेल. ते तपासायला शंभरेक वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करा आणि प्रत्येक रनचा सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) नोंदवून ठेवा. पण शेवटची एरर सगळीकडे जवळपास सारखी आणि पॅरामीटर मात्र विखुरलेले, असं दिसलं तर अल्गोरिदम बदलून काही हाती लागणार नाही. खोट डेटात आहे.

मायकेलिस-मेंटन समीकरण घ्या (१९१३ चं, पण रोजच्या वापरातलं): वेग = व्हीमॅक्स × एस ÷ (केएम + एस). व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग, एस म्हणजे सब्स्ट्रेटची मात्रा. व्हीमॅक्स १०० आणि केएम ५० धरला, तर एस १ असताना वेग येतो १.९६. व्हीमॅक्स २०० आणि केएम १०० धरला, तर १.९८. मोजमापातच पाच टक्के इकडेतिकडे होत असेल, तर या दोन जोड्यांतली खरी कोणती हे कुठलाही ऑप्टिमायझर सांगू शकत नाही. एस १०० वर मात्र पहिली जोडी ६६.७ देते, दुसरी थेट १००. म्हणजे एस केएमपेक्षा जास्त असतानाची दोन-चार रीडिंग मागून घ्या. कोडशी आठवडाभर झटापट करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

लांडगे, देवमासे, वटवाघळं यांच्या नावाने निघणाऱ्या अल्गोरिदमांबद्दलही सावध राहा. स्फिअर, रास्ट्रिजिन यांसारख्या नेहमीच्या चाचणी-फंक्शनांचं उत्तर बरोबर शून्यावर असतं, आणि काही पद्धती मुळातच शून्याकडे झुकतात. उत्तराची जागा सरकवून पुन्हा चालवा, बरंच तेज उतरतं. सगळ्या समस्यांवर सरस ठरणारी एकच पद्धत नसते, हे वोलपर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये गणिताने दाखवलंच आहे.

एन म्हणजे नक्की किती?

चार उंदीर, प्रत्येकाच्या पन्नास पेशी. तक्त्यात एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) २०० लिहिला की पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) झकास येते. पण औषध दिलं उंदरांना, पेशींना नव्हे. एन ४ च. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असणारच. प्रत्येक उंदराची सरासरी घ्या, नाहीतर मिक्स्ड मॉडेल (कोणती पेशी कोणत्या उंदराची हे हिशेबात धरणारी पद्धत) वापरा. १९८४ मध्ये हर्लबर्ट यांनी याला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) म्हटलं, तरी ही चूक अजून हटलेली नाही.

उंदरांच्या खोलीचं तापमानही विचारा. आपल्याला सोयीचं २० ते २४ अंश त्यांना थंड पडतं. त्यांना सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपास असतं. त्याखाली तो जीव अंग ऊबदार ठेवण्यातच बरीच ऊर्जा घालवतो, आणि आपण तोच ऊर्जाखर्च ‘नॉर्मल’ म्हणून मॉडेलमध्ये भरतो. भूल दिली होती का, मोजमाप दिवसा घेतलं की रात्री (प्राणी निशाचर आहे), यांचेही रकाने डेटाच्या फाइलमध्येच हवेत. वहीत राहिलेली माहिती मॉडेलपर्यंत पोहोचत नाही.

पेशी त्याच आहेत ना?

१९६६ मध्ये गार्टलर यांनी दाखवलं, की वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या अनेक पेशी-वाणांत प्रत्यक्षात हेला या कर्करोगाच्या पेशीच वाढत होत्या. आज एसटीआर प्रोफाइलने (डीएनएच्या ठशाने) ओळख पटवता येते, ती पटवूनच घ्या. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू त्याहून छुपा: मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) गढूळ होत नाही, पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही, पेशी वाढतातही, फक्त त्यांचा चयापचय बदललेला असतो. त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी ठरावीक दिवसांनी होत राहिलीच पाहिजे.

आणि प्लेट. ९६ वेलच्या (पेशी वाढवायच्या छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या वेल ३६ असतात, तिथलं पाणी आधी उडतं. माझ्याकडे एकदा औषधाच्या वाढत्या डोसचा डेटा आला. डोस डावीकडून उजवीकडे ओळीने चढवलेला. कर्व्ह छान बसला, फक्त दोन्ही टोकं थोडी वर. त्यावर मी एक जादा पॅरामीटर घातला, त्याला जीवशास्त्रीय अर्थही चिकटवला. मग सहज म्हणून रेसिड्यूअल (मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा यांतले फरक) प्लेटच्या आकारात रंगवले, तर स्क्रीनवर फोटोफ्रेमसारखी स्वच्छ चौकट उमटली. पॅरामीटर काढून टाकला. डोस विखरून प्रयोग पुन्हा करावा लागला. आता आकड्यांच्या फाइलसोबत प्लेटचा नकाशा आला नाही, तर मी काम सुरूच करत नाही.