नोटांची क्लिप घेताना आधी ताण बघा

नोटा नुसत्या खिशात ठेवल्या तर मोबाईल काढताना सोबत बाहेर येतात. धातूची क्लिप त्यावर चांगला उपाय, पण घेताना दुकानातच एवढं करा:

१. दहा-पंधरा नोटा दुमडून क्लिपमध्ये घाला, काढा आणि लगेच एकच नोट लावून क्लिप उलटी झटका. नोट निसटली तर ती क्लिप नको, मग चकाकी कितीही असो.
२. कडांवरून बोट फिरवा. खरखरीत कड नोटेची घडी कुरतडते, खिशाचं अस्तरही फाडते.
३. शक्यतो स्टेनलेस स्टीलची घ्या. मुलामा दिलेली घामाने काळी पडते, विशेषतः कोकणात.

वापरताना पाचशेच्या नोटा आत, दहा-वीसच्या बाहेर ठेवून एकदाच मधोमध दुमडा आणि क्लिप घडीच्या बाजूने चढवा. कंडक्टरला सुटे देताना सगळी गड्डी उघडावी लागत नाही. क्लिप पुढच्या खिशातच बरी. मागच्या खिशात बसताना वाकते.

चुंबकाची क्लिप मात्र एटीएम कार्डाला लावू नका. मागची काळी पट्टी खराब होऊ शकते.