एडीएचडी असलेल्या मुलाचा गृहपाठ घेताना

एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलपणा आवरणे अवघड जाणारी, मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती) असलेले मूल गृहपाठ टाळते तेव्हा तो बहुधा हट्ट नसतो. अनेक सूचना एकाच वेळी ध्यानात ठेवून क्रमाने पार पाडणे त्याला खरोखरच जड जाते. म्हणून स्वयंपाकघरातून ‘दप्तर उघड, वही काढ, पाढे लिही’ असे एका दमात ओरडण्याऐवजी जवळ जाऊन, त्याचे लक्ष आपल्याकडे वळल्यावर, एकच सूचना शांतपणे द्यावी आणि ती पूर्ण झाल्यावरच पुढची सांगावी. 10 मिनिटांचा गजर लावावा, मध्ये दोरीच्या उड्या मारू द्याव्यात. कौतुक लगेच करावे; रविवारी मिळणारे बक्षीस त्याच्यासाठी फार लांबचे असते. आपलाच आवाज चढू लागला (आणि तो चढतोच), तर दोन मिनिटे गॅलरीत जाऊन यावे आणि मगच वहीकडे वळावे.