कर्लिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघायला जाताय? आधी विचारा, हॅमर कुणाकडे?

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत पलीकडच्या टोकाला आखलेल्या गोलात थांबवायचा खेळ. २०२५ च्या मार्चअखेरीला पुरुषांची वर्ल्ड कर्लिंग चॅम्पियनशिप कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या मूस जॉ गावात होती, आणि अण्णा नेमके तेव्हाच आमच्याकडे रेजायनाला आलेले. रेजायनापासून मूस जॉ सत्तरेक किलोमीटर. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. "थंडीत तीन तास बसून दगड घसरताना बघायचे, आणि वर तिकीट काढून?" हा त्यांचा जातानाचा प्रश्न. परतताना ते गप्प होते आणि बोटाने डॅशबोर्डवर टिचक्या मारत होते, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात तशा. मधल्या तीन तासांत काय काय कळलं ते लिहून ठेवते. तुमचे आई-वडील इकडे आले असतील किंवा तुम्हीच पहिल्यांदा जाणार असाल, तर कामाला येईल.

तिकीट आणि जागा

एका सत्राला इथे 'ड्रॉ' म्हणतात. (हळू टाकून गोलात थांबवलेल्या दगडालाही ड्रॉच म्हणतात. आणि ड्रॉ म्हणजे बरोबरी म्हणाल, तर ती या खेळात नसते, जादा एंड, म्हणजे जादा डाव, खेळवून निकाल लावतात.) सकाळी नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सात असे दिवसाला तीन ड्रॉ. प्रत्येक ड्रॉमध्ये शेजारी-शेजारी आखलेल्या चार शीटवर, म्हणजे बर्फाच्या लांब पट्ट्यांवर, चार सामने एकदमच चालतात. मूस जॉला १३ देश होते. प्रत्येक जण उरलेल्या बाराही जणांशी खेळला, म्हणजे ७८ सामने नुसते पहिल्या फेरीचे. त्यातून वरचे सहा पुढे गेले. पहिले दोन थेट सेमीफायनलला, बाकीच्या चौघांना आधी एकेक सामना जिंकावा लागणार होता.

पहिल्यांदा जाणाऱ्याने शनिवार-रविवारच्या मागे लागू नये. सोमवार ते बुधवारमधला सकाळचा ड्रॉ घ्या. गर्दी कमी असते, हवी तिथे नजर टाकता येते, आणि शेजारी हमखास एखादे पेन्शनर काका-काकू भेटतात. त्यांच्याकडून जेवढं शिकाल तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकणार नाही.

जागा शक्यतो टोकाकडची आणि थोडी वरची. कडेला बसलात तर दगड किती जोरात येतोय ते कळतं, पण तो वळतो कसा हे टोकाकडूनच दिसतं, आणि सगळी गंमत त्या वळण्यात आहे. कर्लिंग हे नावही त्यावरूनच पडलंय.

हॉल थंड असतो, बाहेरच्यासारखा नाही, पण तीन तास बसून राहिल्यावर पाय गारठतात. जाड मोजे, शाल, बसायला उशी. अण्णांनी माकडटोपी घातली होती आणि मला उगाच लाज वाटत होती. तिथे लोक डोक्यावर मूस नावाच्या हरणाची शिंगं लावून बसले होते. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही असंच धरून चाला. आम्ही चिवड्याचा डबा गाडीतच ठेवला आणि मधल्या वेळेत येऊन खाल्ला.

एक महत्त्वाचं: वीस मिनिटं आधी पोचा. सामन्याआधी प्रत्येक संघाचे दोन खेळाडू एकेक दगड थेट मधल्या बिंदूवर थांबवायचा प्रयत्न करतात. एक दगड घड्याळाच्या दिशेने फिरवलेला, दुसरा उलट. अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. ज्यांची बेरीज कमी, त्यांना पहिल्या एंडचा हॅमर, म्हणजे शेवटचा दगड टाकायचा हक्क. याच मापांची सरासरी शेवटी गुणांची बरोबरी सोडवायलाही वापरतात. म्हणजे मंगळवारी सकाळी वॉर्मअप समजून टाकलेल्या दगडामुळे शनिवारी एखादा संघ घरी जाऊ शकतो. लोक कॉफीच्या रांगेत उभे राहून हे चुकवतात.

कॅरम येत असेल तर अर्धं काम झालं

अण्णा बजाजनगरच्या मंडळात तीस वर्षं कॅरम खेळले. म्हणून मी त्यांना कॅरमवरूनच समजावलं, आणि ते जमून गेलं.

कॅरमच्या एका बोर्डात पॉइंट एकालाच मिळतात ना, तसंच इथे एका एंडला गुण एकाच संघाला मिळतात. दोन्ही संघांचे आठ-आठ, असे सोळा दगड आलटून पालटून टाकून झाले की एंड संपला. मधल्या बिंदूला सगळ्यात जवळ दगड कुणाचा ते बघायचं. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत, तितके तुमचे गुण. समोरच्याला भोपळा. असे दहा एंड. संघात चौघं, प्रत्येक जण एका एंडला दोन दगड टाकतो.

फरक इथून सुरू होतो. कॅरमला ब्रेक मिळालेला फायद्यात असतो. कर्लिंगमध्ये उलट, शेवटचा दगड ज्याचा तो राजा. त्या शेवटच्या दगडाला म्हणतात हॅमर. आणि नियम असा की तुम्ही गुण घेतलेत की पुढच्या एंडचा हॅमर समोरच्याला जातो.

हे एकदा डोक्यात बसलं की खेळ उलगडतो. हॅमर असताना एकच गुण मिळणं म्हणजे जवळजवळ नुकसान, एका गुणासाठी हुकमाचं पान गेलं. म्हणून हॅमरवाले दोन तरी मागतात. दोन मिळणार नसतील तर शेवटच्या दगडाने गोल साफ करून टाकतात, शून्य-शून्य, आणि हॅमर आपल्याकडेच ठेवतात. याला एंड ब्लँक करणं म्हणतात. अण्णांनी पहिला ब्लँक बघितला तेव्हा ते उखडले. "अरे, हातातला पॉइंट सोडला याने!" समोरच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. मी समजावलं तसे हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हा रुसलेला नाही, उधारी ठेवतोय." मला तरी यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

आणि हॅमर नसलेल्यांनी गुण मिळवले तर ती चोरी. शब्दच 'स्टील' आहे. दहाव्या एंडला बरोबरी असताना झालेली चोरी म्हणजे खेळ खलास.

तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न 'स्कोअर काय' हा विचारू नका. 'हॅमर कुणाकडे' हे विचारा. ४-३ ने पुढे असलेला संघ खरोखर पुढे आहे की नाही, ते त्यावर ठरतं.

डोळे कुठे ठेवायचे

चार सामने दिसतात म्हणून चारही बघायला जाल तर एकही दिसणार नाही. एक शीट धरा. कॅनडाची धरलीत तर आरडाओरड फुकट मिळेल, पण शिकायला दुसरी बरी, तिथे खेळाडूंचे आवाज ऐकू येतात.

मग दगडाकडे बघणं थोडं कमी करा. पलीकडच्या गोलात उभा असतो तो स्किप, कप्तान. तो ब्रश बर्फावर टेकवून उभा राहतो. टाकणाऱ्याने दगड त्या ब्रशच्या रोखाने सोडायचा. ब्रश आणि दगड जिथे पोचायला हवा ती जागा यात तीन-चार फुटांचं अंतर असतं, कारण मधलं वळण धरलेलं असतं. आधी ब्रश बघा, दगड कुठे वळेल याचा मनात अंदाज बांधा, मग दगड बघा. चार-पाच वेळा चुकाल. सहाव्या वेळेला बरोबर आलं की बघा कसं वाटतं.

सगळेच स्किप शेवटचा दगड टाकत नाहीत. मूस जॉला स्वित्झर्लंडचा स्किप यानिक श्वालर तिसऱ्या क्रमांकावर टाकायचा, हॅमर टाकायचा तो बेन्वा श्वार्त्स-व्हान बर्केल. हे ठाऊक नसेल तर त्यांचा सामना बघताना 'हा कोण मध्येच आला' असं होतं.

पाचव्या दगडापर्यंत एक बंधन आहे. गोलाच्या पुढे आडोसा म्हणून ठेवलेला समोरच्याचा दगड, म्हणजे गार्ड, तोवर उडवून बाहेर काढता येत नाही. काढलात तर तो परत जागेवर ठेवतात आणि तुमचा दगड बाद. म्हणून एंडच्या सुरुवातीला सगळे नुसते दगड रचत बसल्यासारखे दिसतात. सहाव्यापासून फोडाफोडी. कंटाळा येणार असेल तर तो पहिल्या पाचांत येतो, पण शेवटी काय होणार ते तिथेच ठरलेलं असतं.

बर्फ, सडा आणि झाडणं

बर्फ आरशासारखा गुळगुळीत असेल असं वाटतं. नसतो. सामन्याआधी एक माणूस पाठीवर पाण्याची टाकी लावून मागे मागे चालत बारीक थेंब उडवत जातो. थेंब गोठतात आणि बर्फावर पुरळ उठल्यासारखे दाणे तयार होतात. अण्णांनी बघताक्षणी म्हटलं, "हा तर सडा घालतोय." अगदी सडाच. दगडाचा तळ वाटीसारखा पोकळ असतो, कडेची एक पातळ गोल पट्टी फक्त त्या दाण्यांवर टेकते. सपाट बर्फावर तोच दगड मध्येच अडकून बसेल. कॅरमवर पावडर टाकतो त्यातलाच प्रकार.

दगड सुमारे वीस किलोचा, दळणाच्या भरलेल्या डब्याएवढा. ग्रॅनाइट येतो स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरून. तो फेकत नाहीत, मूठ हलकीच फिरवून सोडतात.

दोघं पुढे झाडत पळतात ते दगडाला ढकलायला नव्हे, दगडाला ब्रश लागलेला चालतच नाही. घासण्याने बर्फाचा वरचा पापुद्रा किंचित गरम होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणून स्किप ओरडतो 'हार्ड!', म्हणजे घासा, जीव खाऊन घासा. 'व्होआ' म्हणजे थांबा, वळू द्या त्याला. भाषा कोरियन असो की इटालियन, आवाजाच्या पट्टीवरून कळतं.

घरी करून बघायचा एक प्रयोग: स्टीलचा पेला पालथा घालून ओल्या ओट्यावर घड्याळाच्या दिशेने फिरवत सरकवा. तो डावीकडे जाईल. कर्लिंगचा दगड तसाच फिरवला तर उजवीकडे जातो. अण्णांनी त्या रात्री आमच्या तीन पेल्यांना पोचे पाडले.

वागायचं कसं

खेळाडू टाकायला बसला की बोलणं बंद. चांगल्या दगडाला टाळ्या, कुणाचाही असो. समोरच्याचा चुकला म्हणून टाळ्या वाजवल्यात तर आजूबाजूचे बघतील. कुणाचा दगड जवळ हे दोन्ही संघांचे उपकप्तान आपसात ठरवतात, पंच तोवर लांबच. नाहीच ठरलं तर मधल्या भोकात मोजायचं साधन रोवून ते दगडांवरून फिरवतात. त्या वेळी सगळा हॉल वाकून बघतो. आपणही वाकायचं.

हरतोय असं दिसलं की संघ दहा एंड पूर्ण न करता हस्तांदोलन करून मोकळे होतात. पहिल्या फेरीत निदान सहा एंड खेळावेच लागतात. तेव्हा उशिरा जाऊन शेवट बघू असं ठरवू नका, शेवट कदाचित आधीच झालेला असेल.

दगडाला चुकून पाय लागला तर काय, याची एक गोष्ट आमच्या शेजारच्या काकांनी सांगितली, ती इथल्या जुन्या लोकांना पाठ आहे. १९७२, जर्मनीतलं गार्मिश-पार्टेनकिर्शेन. फायनलच्या शेवटच्या एंडला कॅनडाला बरोबरीसाठी दोन हवे होते. अमेरिकेला वाटलं आपण जिंकलो. त्यांचा स्किप रॉबर्ट लाबॉन्ट उडी मारायला गेला, घसरला आणि पाय लागला तो कॅनडाच्या दगडाला. मोजणीत कॅनडाला दोन मिळाले, जादा एंडमध्ये कॅनडा जिंकला. त्यानंतर मात्र कॅनडाच्या पुरुषांना १९८० पर्यंत वर्ल्ड टायटल मिळेना, लोक म्हणायला लागले लाबॉन्टचा शाप. तो उतरवला रिक फोकच्या संघाने, सॅस्काटूनच्या. काकांनी हे सांगताना छाती अशी काढली की जणू हेच तेव्हा ब्रश मारत होते. सॅस्कॅचेवानवाल्यांना तेवढा हक्क आहेही. १९५९ मध्ये ही स्पर्धा स्कॉच कप नावाने सुरू झाली, देश दोनच, स्कॉटलंड आणि कॅनडा. जिंकला तो रेजायनाच्या रिचर्डसनांचा संघ, चौघंही भाऊ-चुलतभाऊ.

आणि आमचा हक्कसुद्धा निघाला. मधल्या विश्रांतीत अण्णा कडेच्या फलकांकडे बघत बसले होते. "अगं, हे बीकेटी म्हणजे आपलं बालकृष्ण का?" तेच. त्या वर्षी स्पर्धेच्या नावातच बीकेटी होतं. मुख्यालय मुंबईत, कारखाना आमच्या वाळूजला, ट्रॅक्टरचे टायर करतात, आणि सॅस्कॅचेवानमध्ये माणसांपेक्षा शेत जास्त. अण्णा दुसऱ्या कंपनीत होते, पण वाळूज एमआयडीसीतच. त्यांनी फलकाचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. गोल, दगड, खेळाडू, कशाचाच फोटो नाही, फक्त तो फलक.

फायनल ६ एप्रिलला आम्ही घरी टीव्हीवर बघितली. ब्रूस मोअटच्या स्कॉटलंडने स्वित्झर्लंडला ५-४ असं हरवलं, ब्राँझ कॅनडाला. मोअटच्या संघात हॅमी मॅकमिलन होता, त्याचे वडील, नाव तेच, १९९९ चे वर्ल्ड चॅम्पियन स्किप. अण्णा म्हणाले, घराणंच आहे म्हणजे.

स्पर्धा सॅस्कॅचेवानमध्ये असेल आणि भारतातून बघणार असाल, तर वेळेचा हिशोब सोपा आहे. सॅस्कॅचेवान घड्याळ कधीच पुढेमागे करत नाही, तिथे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ, आणि संध्याकाळचे सात म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. दुपारच्या ड्रॉसाठी मात्र रात्री दीड वाजता उठावं लागेल. त्याच्या नादी लागू नका. सकाळचा ड्रॉ जेवणानंतर, संध्याकाळचा चहासोबत, एवढं पुरे होतं.