फळं वाकडी येऊ नयेत म्हणून फुलोऱ्यातच काय सांभाळायचं

टोमॅटो, काकडी, कलिंगड आता फुलोऱ्यात यायला लागलेत आणि अजून दोनतीन आठवड्यांनी सगळीकडून एकच प्रश्न सुरू होईल, फळं वाकडी येतायत, फुगवणीला काय मारू? तेव्हा काहीही मारलं तरी आकार सुधारत नाही, साइज थोडी वाढेल पण वाकडं फळ मोठं होऊन वाकडंच राहतं. आकार बहुतेक करून कळीत आणि सेटिंगनंतरच्या (फळ धरल्यानंतरच्या) पहिल्या आठ-पंधरा दिवसांत ठरून गेलेला असतो, म्हणून हे आत्ताच लिहितोय.

टोमॅटोचं बघा. परागीभवन झालं की साधारण 1 ते 2 आठवडे फळातल्या पेशी भराभर विभागतात, म्हणजे संख्या वाढते. त्यानंतरचे 3 ते 5 आठवडे विभागणी जवळपास थांबते आणि त्याच पेशी पाणी ओढून फुगत जातात, इतक्या की टोमॅटोच्या गरातल्या काही पेशी नुसत्या डोळ्यांनी कणासारख्या दिसतात. आता झाडाची पेशी जागची हलत नाही, शेजारच्या पेशीला भिंतीने चिकटलेली असते, त्यामुळे ज्या बाजूला पेशी कमी झाल्या ती बाजू नंतर भरून काढायला दुसरीकडून कोणी येत नाही. पेशी कुठल्या दिशेला ताणायची हे भिंतीतले सेल्युलोजचे धागे ठरवतात, धागे आडवे गुंडाळलेले असले की पेशी जाड न होता लांब होते. बिनबियांच्या द्राक्षाला जीए (जिब्रेलिक ॲसिड, वाढीचं हॉर्मोन) दिलं की मणी लांबट होतो तो पेशी अशा लांबल्यामुळेच.

वाकडी काकडी हातात आली तर फेकायच्या आधी उभी चिरून बघा. ज्या बाजूला किंवा टोकाला ती बारीक राहिलीय तिथे बिया बहुतेक चपट्या, पोकळ असतात. बी भरली की ती आजूबाजूच्या गराला वाढायचा हॉर्मोनचा सिग्नल देते, बी नाही तर सिग्नल नाही, मग एक बाजू वाढते, दुसरी मागे राहते आणि काकडी मागे राहिलेल्या बाजूला वळते. कलिंगड एका अंगाने दबलेलं येतं त्यातही बऱ्याचदा हेच असतं, मादी फुलात मधोमध पराग झेलणारं जे टोक असतं त्याच्या तिन्ही भागांवर पराग नीट पडलेला नसतो. (परागाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या व्हरायटींना हे लागू नाही, तिथे पाण्याचा ताण, उष्णता किंवा फळ तारेला-पानाला अडकणं बघा.)

म्हणून फुलोऱ्यात सगळ्यात आधी मधमाशी सांभाळा. काकडी-कलिंगडाचं फूल एकच दिवस उघडतं आणि माश्यांचं काम मुख्यतः सकाळी चालतं, तेव्हा सकाळी कीटकनाशक मारायचंच नाही, अगदी गरज असेल तर माशीला कमी घातक औषध निवडून संध्याकाळी फुलं मिटल्यावर मारा. माश्या कमी दिसत असतील तर मधमाश्यांच्या पेट्या ठेवा, थोड्या वेलांसाठी नरफूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवलं तरी चालतं.

टोमॅटोला वेगळा धोका आहे. कळी आत तयार होत असताना, म्हणजे फूल उमलायच्या 2-3 आठवडे आधी, रात्री 10-12 अंशांच्या खाली गेल्या तर फुलातच गडबड होते आणि पहिल्या घोसाची फळं सुरकुतलेली, खपली धरलेली येतात. ती लिंबाएवढी व्हायच्या आत काढून टाका, झाडाची ताकद पुढच्या घोसाला जाऊ द्या. उलट दिवसा 35 च्या वर गेलं की पराग कमकुवत होतो, मग आतून पोकळ, कोनाकोनाची फळं दिसतात.

पाण्याचं मात्र शेवटपर्यंत सांभाळायला लागतं. फुगवणीच्या काळात आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की आतल्या पेशी झपाट्याने फुगतात, सालीच्या पेशी तोवर कडक झालेल्या असतात आणि फळ तडकतं. थोडं थोडं पण नियमित द्या, मल्चिंग (जमिनीवर कागद किंवा पाल्याचं आच्छादन) असेल तर ओल टिकते. टोमॅटोचं बूड काळं पडण्यामागेही बहुतेक वेळा पाण्याचीच ओढाताण असते, कारण कॅल्शियम पाण्याबरोबर चालतं, जास्त करून पानांकडे जातं आणि पानावर मारलेलं कॅल्शियम तिथून फळात उतरत नाही. बोरॉन पेशीच्या भिंतीला आणि परागनळीला दोन्हीला लागतं, पण कमी आणि जास्त यात अंतर फार थोडं आहे, माती किंवा पान-देठ तपासल्याशिवाय डोस वाढवू नका.

एक शेवटचं, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. 2,4-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला किंवा शेजारून वाऱ्याने आला तरी टोमॅटो, द्राक्ष, कपाशीची कोवळी पानं अरुंद, पंख्यासारखी, शिरा उठलेली येतात आणि लोक व्हायरस समजून औषधं मारत बसतात. बिघडलेलं पान परत सरळ होत नाही, नवीन शेंडा कसा येतोय ते बघा, तो नीट असेल तर झाड सावरतंय, फक्त पाणी नियमित ठेवा आणि लगेच टॉनिकचा मारा करू नका.